चार किलो वजन गेलं कुठे? काका म्हणतात, नाकावाटे

लष्करवाला | रविवार, सकाळी १०:१२

राम राम मंडळी. प्रश्न येडपटासारखा वाटेल, पण कालपासून डोकं खाऊन राहिला आहे.

आमचा सकाळचा पाच-सहा जणांचा कंपू आहे. थंडीत ग्वाल्हेरचा किल्ला उरवाई गेटाकडून चढायचा, खाली आल्यावर बेडई (डाळ भरलेली पुरी) आणि चहा. (हो, जेवढं जाळलं तेवढं परत भरायचं. कळतं आम्हाला.) आमच्या सौ.ने दिवाळीपासून चार किलो वजन उतरवलं, ते मी काल कौतुकाने सांगितलं. वकीलसाहेब म्हणाले, घामातून गेलं असणार. बँकेतून निवृत्त झालेले भाऊ म्हणाले, छे, चरबीची ऊर्जा झाली, संपली. तिसऱ्याने जे सांगितलं ते इथे लिहिता येत नाही, पण रोज सकाळीच जातं म्हणे.

कंपूत एक काका आहेत, आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेले. ते बेडईचा तुकडा मोडत शांतपणे म्हणाले, "नाकावाटे गेलं."

आम्ही हसलो. त्यावर त्यांनी दुसरा बाँब टाकला: "आणि तुम्ही जो ऑक्सिजन आत घेता ना, तो बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये नसतोच. त्याचं पाणी होतं."

शाळेत तर आम्ही शिकलो की ऑक्सिजन आत जातो, त्याला कार्बन चिकटतो आणि डायऑक्साइड होऊन बाहेर येतो. मग काका थट्टा करून राहिले आहेत का आमची?

टिवल्याबावल्या | १०:२५

नाकावाटे चार किलो? सर्दी झाली होती का वहिनींना?

पुणेरी_पाटी | १०:३१

"खाऊन राहिला आहे", "करून राहिले आहेत" हे कुठलं मराठी म्हणायचं?

लष्करवाला | १०:३४

शिंद्यांबरोबर ग्वाल्हेरला आलेलं. अडीचशे वर्षं झाली, आता परत नेणार का? प्रश्नाचं बोला.

भूलथापा | ११:०५

काका थट्टा करत नाहीयेत. मी भूलतज्ज्ञ आहे, लोकांचा श्वास मोजण्यावरच पोट भरतं, म्हणून लिहितो.

बाहेरच्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के. उच्छ्वासात ऑक्सिजन साधारण १६ टक्क्यांवर येतो आणि कार्बन डायऑक्साइड ४-५ टक्क्यांवर जातो, म्हणजे शंभर पटीहून जास्त. आता विचार करा, हा कार्बन आला कुठून? हवेतून तर आला नाही. तो पोळीचा, भाताचा, तुपाचा. म्हणजे दर श्वासाला आपण चिमूटभर जेवण हवेत सोडतो. निवांत बसलेला माणूससुद्धा मिनिटाला पाव लिटरच्या आसपास ऑक्सिजन वापरतो.

चरबीचा हिशेब तर छापून आलेला आहे. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०१४ च्या डिसेंबरात मीरमन आणि ब्राऊन या दोघांनी मांडला होता: १० किलो चरबी पूर्ण जळाली तर तिचं ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड म्हणून फुप्फुसांवाटे जातं आणि १.६ किलोचं पाणी होतं. त्यांनी डॉक्टर, आहारतज्ज्ञ, व्यायामवाले अशा लोकांना हाच प्रश्न विचारला, तर बहुतेकांचं उत्तर तुमच्या बँकवाल्या भाऊंसारखंच आलं: ऊर्जा झाली. वस्तुमानाची ऊर्जा व्हायला शरीर म्हणजे अणुभट्टी नव्हे. जेवढे अणू आत गेले तेवढे कुठून तरी बाहेर यायलाच हवेत.

एक मात्र आहे. दिवाळीनंतरच्या चार किलोंत पहिला किलो-दीड किलो नुसतं पाणी असू शकतं. वहिनींना सांगू नका.

लष्करवाला | ११:२०

सांगणार नाही. घरात शांतता हवी आहे.

पोहेजिलेबी | ११:४८

इंदूरहून नमस्कार. नाकावाटेच जायचं असेल तर मी आजपासून जोरजोरात श्वास घेतो. किल्ला चढायची गरजच काय? सराफ्यातल्या खाऊगल्लीत बसून फुसफुस करू.

भूलथापा | ११:५५

नाही हो भिया. श्वास म्हणजे धुराडं. चूल पेटलेली नसताना धुराड्याला पंखा लावून लाकडं जळत नाहीत. उगाच जोरात श्वास घेतला तर रक्तात आधीच असलेला कार्बन डायऑक्साइड धुपून जाईल, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतील, बोटांना मुंग्या येतील, गरगरेल. सराफ्यात आडवे व्हाल आणि लोक समजतील तळलेले गराडू जास्त झाले.

आजीबाईंचा_बटवा | दुपारी १२:३०

म्हणजे प्राणायामाने शरीराला जास्त प्राणवायू मिळतो हे खोटं? आमचे गुरुजी तीस वर्षं हेच सांगतात, आणि मला त्याचा फायदा आहे. सगळंच विज्ञानाच्या फुटपट्टीने मोजू नका.

भूलथापा | १२:४४

ताई, फायदा खोटा नाही, कारण वेगळं आहे. निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन आधीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं. भरलेल्या बसमध्ये आणखी किती कोंबणार? संथ श्वासाने मन शांत होतं, नाडी उतरते, हे मी स्वतः अनुभवतो. पण 'जास्त ऑक्सिजन' हे त्याचं स्पष्टीकरण नाही.

शंकासुर | १२:५८

पिंपळ रात्री ऑक्सिजन देतो, हे तेवढं यायचं राहिलं आहे.

आजीबाईंचा_बटवा | १:०२

देतोच!

रानवारा | २:१५

घ्या, आलंच. वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून उडी मारते.

झाड ऑक्सिजन सोडतं तो पाण्याचा रेणू फोडून, आणि ते फोडायला उजेड लागतो. रात्री पिंपळ तुमच्या-आमच्यासारखाच ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. काही झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्ल करून साठवतात आणि दिवसा वापरतात: निवडुंग, अननस, आपली पानफुटी. पण ऑक्सिजन त्यांचाही दिवसाच सुटतो.

पानफुटीची गंमत म्हणजे हे कोडं भारतातच जिभेवर सापडलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे काम करणाऱ्या बेंजामिन हेन यांनी लिहून ठेवलं की हिचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारनंतर आंबटपणा जातो. रात्रभर साठवलेलं आम्ल दिवसा खर्च होतं, म्हणून. जिभेची प्रयोगशाळा!

षड्ज | ३:४०

अवांतर, पण ग्वाल्हेरचा धागा आहे आणि दमसास निघाला नाही म्हणजे काय?

लहानपणी गुरुजींकडे पहिलं वर्षभर फक्त षड्ज. एका श्वासात किती टिकतो ते भिंतीवरच्या घड्याळात बघायचं. पंधरा सेकंदांवर छातीत कालवाकालव सुरू व्हायची. गुरुजी म्हणायचे, "हवा संपलेली नाही, घाबरला आहेस." ग्वाल्हेर घराण्याच्या हद्दू-हस्सू खाँच्या दमाच्या गोष्टी तर आमच्याकडे रोजच्या. हस्सू खाँ कडकबिजली तान परत घेताना रक्त ओकून गेले असं सांगतात. ती दंतकथा बाजूला ठेवू, पण डॉक्टर, गुरुजी म्हणायचे ते खरं होतं का? हवा संपलेली नसते?

भूलथापा | ४:१०

गुरुजी अगदी बरोबर. श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन संपला म्हणून नव्हे, कार्बन डायऑक्साइड साचला म्हणून. तो रक्तात विरघळून आम्लता वाढवतो आणि मेंदूच्या बुडाशी असलेली यंत्रणा घंटा वाजवते. रियाजाने ती घंटा सहन करायची आणि हवा काटकसरीने सोडायची सवय लागते. मात्र पोहण्याआधी जोरात श्वास घेऊन घंटाच बंद पाडणारे लोक पाण्याखाली बेशुद्ध पडतात, कारण ऑक्सिजन संपल्याची वेगळी घंटा फार उशिरा आणि फार हळू वाजते.

रिकामटेकडा | ४:२२

वजन, पिंपळ, तान. धागा किल्ल्यावर चढला की उतरला?

लष्करवाला | रात्री ९:०५

दुपारी काकांकडे जाऊन आलो. धागा वाचून दाखवला. काका खूश, काकू वैतागलेल्या ("निवृत्त होऊनही तास संपत नाहीत यांचे"). गजकाचा (तीळ-गुळाच्या मिठाईचा) डबा पुढे केला आणि म्हणाले, लिहून घे. जमेल तसं लिहितो.

काकांचं म्हणणं: "ग्लुकोजच्या एका रेणूत ६ कार्बन, १२ हायड्रोजन, ६ ऑक्सिजन. श्वासातले ऑक्सिजनचे ६ रेणू, म्हणजे १२ अणू. बाहेर येतात कार्बन डायऑक्साइडचे ६ रेणू, त्यांतही ऑक्सिजनचे १२ अणू. १२ ला १२ जुळले म्हणून पोरं समजतात, तेच हे. गावात दोन गोविंदराव असले म्हणजे ते एकच होतात का?

"खरा व्यवहार असा. पेशी ग्लुकोज तोडते तेव्हा वाटेत पाण्याचे ६ रेणू वापरते. कार्बन डायऑक्साइडमधले १२ ऑक्सिजन येतात ते ६ ग्लुकोजचे आणि ६ या पाण्याचे. हे काम हॅन्स क्रेब्जने १९३७ मध्ये मांडलेल्या चक्रात होतं आणि तिथे श्वासातला ऑक्सिजन थेट हात लावत नाही. तोवर अन्नातले हायड्रोजन सोलून बाजूला काढलेले असतात. त्यांचे इलेक्ट्रॉन हातोहात पुढे जातात, जसं आग लागली की विहिरीपासून बादल्या जातात. रांगेच्या टोकाला उभा असतो ऑक्सिजन. तो इलेक्ट्रॉन घेतो, हायड्रोजन घेतो आणि पाणी होतो. शेवटचा माणूस हटला तर अख्खी रांग भरल्या बादल्या धरून उभी. सायनाइड नेमकं तिथेच बोट ठेवतं. ऑक्सिजन रक्तात भरपूर असतो, पेशीला तो घेता येत नाही."

मी विचारलं, मग ऊर्जा कुठे आहे यात? तर म्हणाले: "गांधीसागर पाहिलंस ना चंबळेवर? बादल्या पुढे सरकताना जी ताकद सुटते तिने प्रोटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले हायड्रोजन, पडद्याच्या एका बाजूला उपसले जातात. धरण भरतं. मग ते एका फिरत्या चक्रीतून परत येतात आणि ती चक्री एटीपी बनवते, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन. पीटर मिचेल हे १९६१ मध्ये बोलला तेव्हा लोक हसले. १९७८ मध्ये नोबेल मिळालं."

आणि एटीपीवरून आठवलं म्हणून: हा रेणू १९२९ मध्ये जर्मनीत लोमान यांना सापडला आणि त्याच सुमारास हार्वर्डला फिस्के आणि आपल्या आंध्रातल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनाही. "तुमच्यातल्या किती जणांना हे नाव माहीत आहे?" असं काकांनी विचारलं. मला नव्हतं.

सौ.च्या चार किलोंचा हिशेबही गजकाच्या डब्यावरच्या कागदावर करून दिला. पूर्ण चरबीच धरली तर: चार किलो चरबी अधिक सुमारे ११.६ किलो ऑक्सिजन. निघालं ११.२ किलो कार्बन डायऑक्साइड आणि ४.४ किलो पाणी. दोन्हीकडे १५.६. कागद फ्रेम करायचा विचार आहे.

तंतुकणिका | ९:३०

काकांना दंडवत. मायटोकाँड्रियाला (पेशीत हे सगळं जिथे चालतं त्याला) शाळेत माझं नाव होतं आणि मी त्याखेरीज काहीही शिकले नव्हते.

शंकासुर | ९:५२

छान. पण काकांचं "नसतोच" मला पटत नाही. हिशेब कागदावर बरोबर आहे, शरीर मात्र कागद नाही.

श्वासातल्या ऑक्सिजनचं जे पाणी होतं ते शरीरातल्या बाकी पाण्यात मिसळतं. कार्बन डायऑक्साइड पाण्याशी संयोग पावतो, बायकार्बोनेट होतो, परत सुटतो. तांबड्या पेशींत कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं विकर (एन्झाइम) आहे, जस्त असलेलं, त्याचा एक रेणू सेकंदाला लाखो वेळा ही अदलाबदल करतो. त्यात कुठला ऑक्सिजन कुणाचा हे राहतंच कुठे? मिनेसोटाच्या लिफसन यांनी जड ऑक्सिजन (वजनाने जास्त, म्हणून वेगळा ओळखू येणारा) वापरून दाखवलं की उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा ऑक्सिजन आणि शरीरातल्या पाण्याचा ऑक्सिजन एकमेकांत पूर्ण मिसळतात. त्यावरच १९५५ मध्ये त्यांनी उंदरांचा ऊर्जाखर्च मोजायची पद्धत काढली. म्हणजे आजच्या श्वासातला ऑक्सिजन पाणी होऊन, फिरून, उद्या-परवा कार्बन डायऑक्साइडमधून बाहेर येऊ शकतो. काकांना विचारा.

टिवल्याबावल्या | १०:०१

गोविंदरावांनी घर बदललं.

मुरारकर | १०:४०

मी नेहमी वाचनमात्र असतो. एक विचारायचं आहे, हसू नका. आमची आई थंडीत खोलीत कोळशाची सिगडी घेऊन झोपते. दार-खिडक्या बंद, फटींना चिंध्या लावलेल्या. सकाळी डोकं दुखतं म्हणते, मळमळतं. आम्हाला वाटायचं गारठ्याने. वर सायनाइडचं वाचून मनात काहीतरी आलं. माझ्याकडे बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे, त्यात ९८ दाखवतो. मग ठीक आहे ना?

भूलथापा | १०:४६

ठीक नाही. हा प्रतिसाद वाचाल तेव्हा उठा, खिडकी उघडा, सिगडी बाहेर काढा आणि आईंना मोकळ्या हवेत आणा. मग पुढचं वाचा.

अपुऱ्या हवेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो. रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बस भरलेली, पण चुकीच्या प्रवाशांनी. आणि ऑक्सिमीटर फसतो: तो लाल आणि अवरक्त उजेडावरून रंग ओळखतो, मोनॉक्साइडने भरलेलं रक्तही त्याला लालच दिसतं. ९८ चा अर्थ इथे शून्य. डोकेदुखी, मळमळ ही पहिली लक्षणं, पुढे झोपेतच सगळं संपतं. उत्तरेत दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. आज रात्रीच आईंना दवाखान्यात दाखवा, रक्त तपासून कळतं. घरात इतर कोणाचं डोकं दुखत असेल तर त्यांनाही न्या.

मुरारकर | ११:०३

काढली बाहेर. निघतो आहोत.

षड्ज | ११:१०

कळवा हो नक्की. माझ्या आजोळीही हेच चालायचं, आम्ही सगळी भावंडं सिगडीभोवती.

लष्करवाला | सोमवार, सकाळी ९:१५

मुरारकर, कसं आहे?

काकांना शंकासुरांचं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तो म्हणतो ते बरोबर आहे. मी 'थेट नसतो' म्हणायला हवं होतं. नाव काय त्याचं?" मी म्हटलं शंकासुर. "वर्गात असा एक असला की तास रंगायचा," म्हणाले, आणि बेडईचे पैसे आज त्यांनीच दिले.

शिवाय आज प्रात्यक्षिक झालं. वकीलसाहेब अजून मानायला तयार नव्हते. काकांनी काल रात्रीच चुना पाण्यात ढवळून ठेवला होता, वरची निवळ बाटलीत भरून आणली. वकीलसाहेबांना नळी दिली: फुंका, ओढू मात्र नका, तोंड भाजेल. वीस-पंचवीस फुंकांत पाणी दुधासारखं. "हे तुमचं कालचं जेवण," काका म्हणाले. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने १७५० च्या दशकात असंच फुंकून उच्छ्वासात निराळी हवा असते हे दाखवलं होतं म्हणे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाप्लासबरोबर गिनीपिग बर्फाच्या भांड्यात ठेवला आणि किती बर्फ वितळला ते मोजून ठरवलं की श्वसन हे संथ जळणंच आहे. तेवढाच कार्बन डायऑक्साइड देणाऱ्या कोळशाच्या हिशेबापेक्षा प्राण्याची ऊब थोडी जास्त भरली, तेव्हा पुढे त्याने तर्क केला की काही ऑक्सिजन हायड्रोजनशी मिळून पाणी होत असणार. "बघा," काका म्हणाले, "पाण्याचा वास त्याला तेव्हाच लागला होता. फक्त जळण फुप्फुसात होतं असं त्याला वाटायचं."

चहावाल्याने विचारलं, साहेब, दूध कशाला आणलंत बाहेरून?

पोहेजिलेबी | १०:०२

मीही केलं. पाणी ढिम्म पांढरं होईना. काकांनी चुना लावला का आम्हाला?

लष्करवाला | ११:३०

फोनवर विचारलं. चुना कुठला होता तुमचा?

पोहेजिलेबी | ११:३४

घरच्या पानपेटीतला, आजोबांच्या वेळचा. वाळून खडा झालेला.

लष्करवाला | ११:४१

काका म्हणतात, तो आजोबांच्या वेळेपासून हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन बसला आहे, त्याचा खडू झाला. पानवाल्याकडून ओला चुना आणा. आणि पांढरं झालं की थांबा, फुंकतच राहिलात तर पुन्हा नितळ होतं. (तिथे बायकार्बोनेट होतो. शंकासुरांनी वर म्हटलं तोच.)

आजीबाईंचा_बटवा | दुपारी १:२०

मुलांबरोबर केलं, पांढरं झालं. पिंपळाचं अजून पटलेलं नाही.

मुरारकर | संध्याकाळी ६:५०

उशीर झाला, क्षमस्व. रात्री डॉक्टरांनी रक्त तपासलं, मोनॉक्साइड बरंच निघालं. रात्रभर मास्क लावून ऑक्सिजन दिला. दुपारी घरी आणलं, डोकं आता दुखत नाही. भूलथापा, तुम्हाला काय म्हणू?

काकांचं सगळं आईला समजावून सांगितलं, बादल्यांची रांगसुद्धा. ती म्हणाली, एवढं शिकलेली माणसं थंडीवर काही सांगत नाहीत. दोन दुलया आणि गरम पाण्याची पिशवी यांवर तह झाला. सिगडी अंगणात गेली. आता आई मध्ये उठून खिडकीतून बघते, कोणी उचलून तर नाही ना नेली.